आधी मर्यादा, मग भार

उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. भगवान महावीरांसमोर व्रते घेताना त्याने आपल्या परिग्रहाची जी मर्यादा बांधून घेतली, तीत गाड्यांचाही हिशेब होता. दूरच्या व्यापारासाठी 500 गाडे आणि मालाच्या ने-आणीसाठी 500 गाडे, त्यापुढे एकही नाही. ही मर्यादा त्याने भरभराटीच्या काळात, स्वेच्छेने आखली होती. गाडी आणि मर्यादा यांचे हे नाते आजच्या एका अगदी निराळ्या उद्योगातही दिसून येते.

ऑस्ट्रेलियातील अनेक कुटुंबे सुट्टीत मोटारीमागे छोटा ट्रेलर जोडून आडरानात जातात. वायव्येच्या किंबर्ली प्रदेशातील गिब रिव्हर रोड हा त्यांच्या आवडीचा मार्ग. सुमारे 660 किलोमीटर लांबीचा हा रस्ता बराचसा कच्चा असून वस्ती अत्यंत विरळ आहे. त्यामुळे पाणी, इंधन, शिधा, तंबू हे सारे बरोबर न्यावे लागते. काही हौशी मंडळी असा ट्रेलर विकत न घेता घरच्या अंगणात स्वतःच बांधतात.

हे बांधकाम वरवर सोपे वाटते. लोखंडी चौकट, एक आस, दोन चाके, कमानपाटे आणि पुढे मोटारीला जोडणारी दांडी. परंतु कच्च्या रस्त्यावर आडव्या पन्हळी पडलेल्या असतात. तासन्‌तास बसणाऱ्या हादऱ्यांनी वेल्डिंगच्या सांध्यांना, विशेषतः दांडी चौकटीला मिळते त्या ठिकाणी, तडे जातात. म्हणून जाणते लोक दांडी चौकटीखाली बरीच आतपर्यंत नेतात. चाके मोटारीच्याच मापाची घेतात, म्हणजे एकच जादा चाक दोहोंना चालते. दोन चाकांतील अंतरही मोटारीएवढेच ठेवतात, म्हणजे ट्रेलर तिच्याच चाकोरीतून येतो. जोड सर्व बाजूंनी फिरणारा निवडतात, कारण खाचखळग्यांत मोटार एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे कलतो.

तरीही खरी परीक्षा भाराची असते. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या जोडावर यावा, असा ठोकताळा आहे. वजन आसामागे गेले, तर वेगात ट्रेलर डोलू लागतो आणि अखेर मोटारीलाच ओढून फरफटवतो.

तेथील सर्वसाधारण नियमानुसार ट्रेलरच्या चाकांवरचा भार 750 किलोपर्यंत असेल तर स्वतंत्र ब्रेक सक्तीचे नाहीत. त्यापुढे 2000 किलोपर्यंत किमान एका आसावर, आणि त्याहून अधिक भाराला सर्व चाकांवर ब्रेक हवेत. सामानासह कमाल वजन किती, हे ट्रेलरवरील पट्टीवर कोरावे लागते. घरी बांधणाऱ्यालाही यातून सूट नाही.

समजा, एखाद्याने एकूण मर्यादा 750 किलो ठेवली आणि रिकामा ट्रेलरच 400 किलो भरला. उरले 350. त्यात 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो, इंधनाचे दोन डबे जवळपास 40 किलो, शिवाय तंबू, बॅटरी, शेगडी, अवजारे, जादा चाक. एकेक वस्तू मामुली असते. ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणत प्रत्येक वस्तू आत येते आणि पट्टीवरचा आकडा केव्हा ओलांडला गेला, ते कळतही नाही. म्हणून शहाणा माणूस निघण्यापूर्वी भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेतो आणि जास्त निघालेले सामान घरी ठेवतो.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण, म्हणजे जनावरावर शक्तीबाहेर ओझे लादणे, याचा समावेश आहे. बैल धापा टाकतो, बसकण मारतो. त्याचे दुःख दिसते. लोखंड मात्र मुकाट सोसते आणि एके दिवशी दांडी तुटते. तेव्हा मोटारीत बसलेली मुले आणि समोरून येणारा अनोळखी वाटसरू यांचे प्राण पणाला लागतात. यंत्राला वेदना नाहीत, म्हणून अतिभारातील हिंसा संपत नाही. ती फक्त दृष्टीआड होते.

व्यापारी कुटुंबांना वजनाचे महत्त्व शिकवावे लागत नाही. खोटे माप हा अचौर्यव्रताचा अतिचार, हे घरोघरी ठाऊक आहे. परंतु दुकानात काट्यासमोर ग्राहक उभा असतो. अंगणात ट्रेलर बांधणारा स्वतःच कारागीर, स्वतःच हमाल आणि स्वतःच तपासनीस असतो. मालाचा टेम्पो भरून घेणारा दुकानदारही अनेकदा असाच एकटा असतो. तेथे मन ज्याला त्याला सवलत देऊ पाहते. म्हणूनच आकडा आधी कोरायचा आणि सामान नंतर भरायचे. आनंद श्रावकाने गाड्यांची गणती आधी सांगितली, ती याच क्रमाने.