परदेशच्या सफरीत नेट अडते तेव्हा

वऱ्हाडच्या व्यापाराला दूरदेशीच्या खबरेचे मोल नवे नाही. 1870 साली खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वे पोहोचली आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई विलायतेशी जोडली गेली. परदेशात भाव काय निघाला, हे ज्याला अगोदर कळे त्याचा सौदा साधे. 2013 साली सरकारी तारसेवा बंद झाली, पण व्यापाऱ्याची ती गरज संपली नाही. तारेचे काम आता खिशातला मोबाइल करतो.

आमची कापडाची माणसे पूर्वी सुरत, मालेगाव, इचलकरंजी, मुंबई एवढीच सफर करीत. आता अमरावतीच्या इतवाऱ्यातला किंवा अकोल्याच्या ताजनापेठेतला दुकानदारही दुबईच्या देरा भागात जातो, कोणी चीनमध्ये शाओशिंग शहरातील केचियाओच्या कापड बाजारात जातो. तिथे तो मालाचा फोटो घरी पाठवतो, भाऊ रंग पसंत करतो, बँकेतून बयाणा जातो. हे सारे नेटवर चालते. ते अडले की परदेशी व्यापाऱ्यासमोर आपली जबान खाली पडते. त्याला कारण दिसत नाही. त्याला एवढेच दिसते की या माणसाने वेळेवर पैसे पाठवले नाहीत.

अशा वेळी बहुतेक बांधव काय करतात? मोबाइल पुढे करून कोणाला तरी "जरा बघा" म्हणतात, किंवा घरी पुतण्याला फोन लावतात. पण नेटच बंद असेल तर पुतण्या तिथून काय करणार? आमचे स्पष्ट मत आहे की, जो व्यापारी सुताचा काउंट बोटाने ओळखतो, त्याला हे काम न जमण्याचे कारण नाही. यात विद्वत्ता लागत नाही, क्रम लागतो. करघा थांबला की कारीगर आधी धागा पाहतो, मग धोटा, मग मोटर. इथेही तसेच आहे.

पहिली तपासणी ही की बिघाड कोणाचा आहे. शेजारच्या माणसाचे नेट चालते का, ते विचारा. त्याचेही चालत नसेल तर दोष हॉटेलचा आहे, आपला मोबाइल उघडून बसण्यात अर्थ नाही. त्याचे चालत असेल तर पुढे चला.

दुसरी गोष्ट हॉटेल व विमानतळाच्या वाय-फायची. तिथे खूण पूर्ण दिसते, पण काहीच उघडत नाही. याचे नेहमीचे कारण असे की, आधी एक प्रवेशाचे पान भरावे लागते आणि ते पान आपोआप समोर आलेले नसते. ब्राउझर उघडून एखादा साधा पत्ता टाकला की ते पान बहुधा येते. मोबाइलमध्ये व्हीपीएन किंवा प्रायव्हेट डीएनएस चालू असेल तर ते पान अडते, म्हणून ते तात्पुरते बंद करावे. त्या पानावर अनेकदा खोली क्रमांक आणि आडनाव विचारतात. आपल्या पुष्कळ लोकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा असतो आणि सगळे नाव एकाच रकान्यात असते. हॉटेलच्या कारकुनाने आडनाव म्हणून काय लिहून घेतले आहे, ते काउंटरवर विचारावे आणि तसेच्या तसे टाकावे. दोष नेटचा नसून नावाचा असतो!

एवढ्याने काम झाले नाही तर ते वाय-फाय मोबाइलमधून विसरायला लावून पुन्हा जोडावे. विमान मोड चालू करून बंद करावा. तारीख व वेळ आपोआप घेण्यावर ठेवावी, कारण घड्याळ चुकीचे असले की सुरक्षित पाने उघडत नाहीत. काही हॉटेले एका खोलीला दोन-तीनच मोबाइल जोडू देतात, तेही विचारावे.

तिसरी गोष्ट त्या त्या देशाच्या कायद्याची. चीनमध्ये गुगल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या वाय-फायवर चालत नाही. तो बिघाड नव्हे, बंदी आहे. मात्र भारतीय सिमचे रोमिंग घेतले तर डेटा साधारणपणे आपल्या कंपनीमार्गे जातो आणि हीच अॅप्स तिथे उघडतात. म्हणून चीनला जाणाऱ्याने केवळ हॉटेलच्या वाय-फायच्या भरवशावर निघू नये. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवर लिहिता येते, फोटो जातो, पण त्यावरून बोलणे होत नाही. त्यासाठी तिथे परवाना असलेली अॅप्स आहेत. कोणी म्हणेल, व्हीपीएन लावा. तिथल्या 2021 च्या सायबर कायद्यानुसार, खोटा इंटरनेट पत्ता वापरून गुन्हा करणे किंवा लपवणे यास 5 लाख ते 20 लाख दिरहमपर्यंत दंड आहे. दोन मिनिटांच्या बोलण्यासाठी पाहुण्याने यजमानाच्या कायद्याशी खेळू नये.

चौथी गोष्ट पैशाची आणि सर्वांत महत्त्वाची. वाय-फाय सुरू झाले म्हणजे बँकेचा ओटीपी येईलच असे नाही. ओटीपी साधारणपणे एसएमएसने येतो आणि त्याला सिमचे नेटवर्क लागते. तिथे पोहोचताच भारतीय सिम काढून परदेशी सिम घातले की नेट चालते, पण पैसा अडतो. दोन सिमचा मोबाइल असेल तर भारतीय सिम आत राहू द्यावे आणि त्यावर रोमिंग घरूनच सुरू करून घ्यावे. मोबाइलमधील डेटा रोमिंगचे बटण वेगळे असते, तेही पाहावे. यूपीआयचे अॅप परदेशात काढून पुन्हा टाकू नये, कारण नव्याने नोंदणी करताना त्याच भारतीय सिमवरून एसएमएस जावा लागतो. आणि चौकातल्या किंवा विमानतळावरच्या मोफत वाय-फायवर बँकेचा व्यवहार करू नये. तेच नाव देऊन ठगही वाय-फाय उभे करू शकतो.

एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवावी. कधी कधी परदेशात सारे ठीक असते आणि खंड घरी पडलेला असतो. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत आणि मे 2023 मध्ये अकोल्यात, शहरातील तणावानंतर इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली होती. अशा वेळी बाहेर असलेला व्यापारी आपलाच मोबाइल बिघडला असे समजून तासन्‌तास खटपट करतो. घरून उत्तर येत नसेल तर आधी साधा फोन लावावा. दुकानाचे हिशेब आणि मालाचे फोटो दुसऱ्या शहरातील एका विश्वासू नातेवाइकाकडेही ठेवावेत. प्रशासनालाही आमची विनंती आहे की, अमन राखणे आवश्यक आहेच, पण नेटबंदीत गरीब कारीगराची मजुरी आणि व्यापाऱ्याचा सौदाही बंद पडतो, याचा विचार निर्णय घेताना व्हावा.

शेवटी भाषेचा मुद्दा. आमच्यासारखे अनेक जण उर्दू शाळेत शिकले, काही मराठी शाळेत. पडद्यावर इंग्रजी सूचना आली की हात थांबतो आणि आपण ती न वाचता पुसून टाकतो. वास्तविक बिघाडाचे कारण बहुधा त्या सूचनेतच लिहिलेले असते. अँड्रॉइड मोबाइल मराठीत करता येतो, उर्दूतही करता येतो. यात कमीपणा कसला? भाषा बदलण्याचे बटण कुठे आहे एवढे लक्षात ठेवावे, म्हणजे परदेशात कोणाला मोबाइल दाखवायची वेळ आली तर तो पुन्हा इंग्रजीत करता येईल.

व्यापारी संघटनांना आमची सूचना आहे. दोन्ही शहरांत खरेदीच्या हंगामापूर्वी एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. जे जाऊन आले त्यांनी सांगावे आणि जे जाणार आहेत त्यांनी आपल्या हाताने करून पाहावे. मुलांनी करून दिले तर ते ज्ञान मुलांचेच राहते. पासपोर्ट, चलन आणि नमुन्यांची पिशवी आपण घरून तपासून नेतो. मोबाइल आणि सिमही तसेच तपासून न्यावे. बाजारात आपली पत वेळेवर पोहोचलेल्या पैशाने राहते, आणि ती आपण दुसऱ्याच्या हाती सोपवू नये.