सापडलेलं गाणं कोणाचं?

१९४९ साली ‘महल’ पडद्यावर आला आणि त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव छापलं गेलं. कामिनी हे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं नाव. गाणारी कोण, हे श्रोत्यांनी रेडिओकडे विचारलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत पोहोचलं. आज माळ्यावरच्या तबकड्या, चोरबाजारातले डबे, विसरलेले चित्रपट शोधण्याची हौस पुन्हा वाढली आहे, तेव्हा या प्रसंगातला धडा घ्यायला हवा. जुनी वस्तू सापडली म्हणजे ती वाचली, असं होत नाही. ती कोणाची, कधीची, कुठली हे तिच्यासोबत टिकलं आणि ती एखाद्या सार्वजनिक संस्थेत पोहोचली, तरच ती वाचते.

याचा पुरावा मुंबईतच आहे. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला सप्टेंबर २०१७ मध्ये आग लागली. गाजलेल्या चित्रपटांतले पोशाख आणि वस्तू त्यात खाक झाल्या. पुढे ती जागाही विकली गेली. मात्र राज कपूर यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह कपूर कुटुंबाने पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे सोपवल्या. एकाच घराण्याचा ठेवा, पण स्टुडिओत राहिलेला जळाला आणि संग्रहालयात गेलेला आज पाहता येतो. १९३१ चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत हाती नाही. पुढच्याच वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र आहे. हा फरक गुणवत्तेचा नाही. एकाची प्रत कोणीतरी जपली, दुसऱ्याची जपली गेली नाही, इतकंच.

यावर म्हणतात की सरकारी संग्रहालयं तरी कुठे सुरक्षित आहेत? आक्षेप खरा आहे. पुण्यातच जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्म्सच्या कोठाराला आग लागून प्रभातच्या काळातल्या मूळ प्रती गेल्या. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘संस्था नकोत’ असा नाही, तर ‘प्रत एकच नको’ असा आहे. दुसरा आक्षेप: आता सगळं यूट्यूबवर आहेच की. तिथे गाणं असतं, पण तबकडीचा क्रमांक, लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, वादकांची नावं बहुधा नसतात, आणि ध्वनिमुद्रणाचा काळ ठरवायला तेच क्रमांक लागतात. शिवाय चढवणाऱ्याने खातं बंद केलं की गाणंही जातं. प्रत काढण्यात कॉपीराइट कायद्याची भीतीही वाटते तितकी मोठी नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं चालतो, एवढं भान ठेवलं की पुरे.

सर्वांत टोकदार आक्षेप चेंबूरजवळच्या माहुलचा आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी जिथे धड श्वास घेता येत नाही, तिथे जुन्या गाण्यांची चैन कसली? हवा आधी, हे निर्विवाद. पण स्मृती पुसली जाण्याचा धोकाही अशाच ठिकाणी अधिक असतो. इथे एका बाजूला जुनं कोळी गावठाण आहे, तर दुसऱ्या बाजूला तानसा जलवाहिनीलगतची घरं तुटल्यावर आणून वसवलेली कुटुंबं. बिऱ्हाड हलवताना आधी टाकल्या जातात त्या कॅसेटी, फोटो आणि वह्या. ‘मी डोलकर’ म्हटलं की शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर ही नावं लगेच आठवतात. कोळी-आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारणींची नावं मात्र कुठल्या लेबलवर छापली गेली? प्रसिद्धांचं जतन करायला वारस असतात, संस्थाही पुढे येतात. बाकीच्यांचं जतन शेजाऱ्यांनीच करायचं असतं, आणि त्याला खर्चही फारसा नाही.

म्हणून महापालिकेने वॉर्डातल्या एखाद्या वाचनालयात तबकड्या आणि कॅसेटींची प्रत काढून ठेवण्याची सोय करावी. वस्तू घरच्यांकडेच राहू द्यावी, प्रत आणि नोंद ठेवावी. तोवर घरात जुनी कॅसेट सापडली, तर ती ऐकण्याआधी एक काम करा. तिच्यावर गाणारीचं नाव, गाव आणि साल लिहा. माहीत नसेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. कामिनी कोण, हे १९४९ च्या श्रोत्यांनी विचारलं नसतं, तर ते नाव कोण जाणे किती दिवस तसंच राहिलं असतं.