आरशासारखं बफिंग, आत तडकलेला जोड

‘कुठलाही रॉड मारा, चिकटतं’ म्हणणारा फॅब्रिकेटर आणि ‘एसएस-एमएसचा जोड टिकतच नाही हो’ म्हणणारा फॅब्रिकेटर ही दोन माणसं असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. दोघं एकमेकांशी भांडत बसले असते. पण माणूस एकच आहे. ऑर्डर घेताना पहिलं वाक्य बोलतो, तडा गेला की दुसरं. मधल्या काळात धातू बदलला नाही, फक्त चेक वटला.

मी दुधाच्या टँकरबद्दल बोलतोय. कोल्हापूर, सांगली, बारामती, संगमनेर, कुठल्याही रस्त्याला उभे राहा, चकाकणारी टाकी समोरून जाईलच. आतलं भांडं ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचं, म्हणजे एसएसचं, भोवती थंडावा टिकवणारा पफचा फेस, वरून पुन्हा एसएसचा पत्रा. आणि हे सगळं ज्याच्यावर बसतं तो पाळणा एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा. टाकी अर्धी भरलेली असली की दूध आत हेलकावे खातं, आणि त्याचे हिसके सोसायचे कुणी? या दोन धातूंमधल्या वीतभर जोडाने. सगळ्या टँकरमध्ये विचार करून करायची जागा कुठली असेल तर हीच. आणि इथेच आमचे वस्ताद हाताला लागेल तो रॉड उचलतात.

या जोडात कसलंही गूढ नाही. क्रोमियम-निकेलच्या कुठल्या मिश्रणात कुठली धातुरचना निपजते, याचा आलेख अँटन शेफ्लर यांनी १९४९ सालीच छापला. तेव्हापासून हा प्रश्न साध्या बेरजेचा आहे. ती आत्ता इथेच करू. समजा, जोडात ७० टक्के धातू रॉडचा उतरला आणि ३० टक्के कडांचा वितळून मिसळला: १५ एसएसचा, १५ लोखंडाचा. ३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्के, निकेल ८. लोखंडात दोन्ही जवळजवळ शून्य. आता वस्तादांचा नेहमीचा ६०१३ रॉड घ्या. त्यातही दोन्ही नाहीत. मग जोडात क्रोमियम आलं किती? २.७ टक्के. निकेल १.२. हे ना धड स्टेनलेस, ना धड लोखंड. निवताना त्याचं मार्टेन्साइट होतं, कडक आणि ठिसूळ. असल्या जोडाच्या भरवशावर हजारो लिटर दूध खंबाटकी घाटातून उतरवायचं?

थोडा शिकलेला वस्ताद छाती पुढे काढून सांगतो, ‘आम्ही एसएसचाच रॉड वापरतो.’ कुठला? ३०८! अरे, तो ३०४ला ३०४ जोडायचा रॉड. त्यात लोखंड मिसळलं की क्रोमियम १७च्या खाली घसरतं, निकेल ८वर येतं, आणि आपण शेफ्लरच्या आलेखात पुन्हा मार्टेन्साइटच्या वेशीवर. या कामाचा रॉड ३०९एल. त्यात क्रोमियम सुमारे २३ आणि निकेल १३ टक्के, मुद्दाम वाढवून ठेवलेलं, कारण शेजारचं लोखंड ते पातळ करणार हे तो बनवणाऱ्याला ठाऊक होतं. करा बेरीज: जवळपास १९ आणि १०. म्हणजे जोड स्टेनलेसच राहिला, वर त्यात थोडं फेराइट, जे गरम जोडाला चिरण्यापासून वाचवतं. हा रॉड बाजारात मिळतो. महाग आहे, मान्य. पण एका पाळण्याला लागतो किती? टँकरच्या किमतीत तो खर्च शोधूनही सापडणार नाही. तोच वाचवायचा आणि पाटीवर ‘हेवी ड्यूटी’ रंगवायचं, याला मी काटकसर म्हणत नाही, लबाडी म्हणतो.

मग येतं चुंबकाचं प्रात्यक्षिक. गिऱ्हाइकासमोर पत्र्याला चुंबक लावतात: ‘बघा, चिकटत नाही, अस्सल ३०४!’ साहेब, २०२लाही चिकटत नाही. त्यात निकेल कमी, त्याची भरपाई मँगनीजने केलेली, आणि भाव कमी. उलट अस्सल ३०४ थंड अवस्थेत दाबून टाकीचं बशीसारखं तोंड बनवलं, की त्याला चुंबक थोडा ओढ घेतो. ३०९एलने मारलेल्या चांगल्या जोडालाही घेतो. म्हणजे या परीक्षेत खोटा माल पास, खरा नापास आणि परीक्षक खूश.

रंगाचंही तेच. दोन धातू जोडले आणि वर रोजच्या धुण्याचं पाणी आलं की लोखंड स्वतः गंजून एसएसला राखतं. म्हणून रंग लोखंडावरून जोडावर आणि पुढे दोन-तीन बोटं एसएसवरही चढायला हवा. आमच्याकडे तो जोडाच्या रेषेवर काटेकोर थांबतो, एसएसची झळाळी झाकू नये म्हणून. त्या रंगाला ओरखडा पडला, की समोर उघडं असलेलं सगळं एसएस मिळून तेवढ्या चिरेतलं लोखंड खातं. आणि जी लोखंडी तारेची घासणी चेसिसवर फिरली तीच एसएसवर फिरवतात, मग तांबूस ठिपके उठले की म्हणतात, पत्राच खोटा आला.

स्टेनलेस तापलं की लोखंडाच्या जवळपास दीडपट पसरतं, म्हणून एका दमात लांब जोड ओढत सुटायचं नसतं. टाकीला आधी ३०४चाच, गोल कोपऱ्यांचा पॅड लावायचा आणि पाळणा त्या पॅडला जोडायचा. पॅड नसलेली टाकी पाळण्याच्या टोकाशी, पत्र्यातच फाटते. फाटल्यावर दोष कुणाचा? खड्ड्यांचा, ड्रायव्हरचा, पोलादाच्या कारखान्याचा. रॉडचं नाव कधी निघत नाही.

वेल्डिंग करणाऱ्या पोराला मी यात धरत नाही. मालक देईल तोच रॉड त्याच्या हातात असतो. आणि धूरही तोच ओढतो. स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात षड्संयुजी क्रोमियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. त्या पोराच्या तोंडावर काय असतं? रुमाल. बफिंगला चार-चार चाकं आणणाऱ्या मालकाला धूर ओढणारा एक पंखा परवडत नाही, हे मला कुणी सांगू नये.

दूध संघांनो, टँकरवाल्यांनो, ऑर्डरच्या कागदावर ३०९एल लिहून घ्या. पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. काम चालू असताना शेडमध्ये जा आणि रॉडचा पुडा स्वतः हातात घेऊन बघा. ‘नंबरने काय होतंय’ असं उत्तर आलं, तर आगाऊ रक्कम परत मागा आणि गाडी तिथून बाहेर काढा.