धमनी म्हणजे पाइप नव्हे!

बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. दीड महिना झाला आणि मला कळलं काल! कारण काय, तर नॅशनल पार्कात सकाळी फिरणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर आलेला मेसेज : "कोलेस्टेरॉल निर्दोष, खरी गुन्हेगार सूज."

च्यायला, धड खोटं असतं तर बरं झालं असतं. हे अर्धं खरंय, म्हणून जास्त डोकं फिरतं.

आपण समजतो धमनी म्हणजे पाइप आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात थिजलेलं तूप. तसं नसतं. एलडीएलचे कण धमनीच्या अस्तरात शिरून अडकतात, तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं. मग मॅक्रोफेज, म्हणजे शरीराचे सफाई कामगार, ते गिळायला लागतात. इतर पेशी कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की दार लावून घेतात. मॅक्रोफेजच्या या दाराला ती सोयच नाही. एक्झिट कंडिशन नसलेला लूप! चरबीने फुगून त्यांच्या फेसाळ पेशी होतात. आत कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनले की एनएलआरपी३ नावाचा अलार्म वाजतो, इंटरल्यूकिन-१ बीटा सुटतं आणि आणखी पेशी धावत येतात. हीच ती सूज. म्हणजे गुन्हेगाराला आत आणलं कोणी? तुमच्या 'निर्दोष' कोलेस्टेरॉलनेच ना?

मेसेजमध्ये २०१७ च्या कॅन्टोस चाचणीचा दाखला होता. चाचणी खरी आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण घेतले. कॅनाकिनुमॅब या औषधाने इंटरल्यूकिन-१ बीटा रोखलं. एलडीएल कमी न होताही १५० मिलिग्रॅमच्या डोसवर अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. पण मेसेजने गाळलेली ओळ अशी, की यातले बहुतेक रुग्ण आधीपासून स्टॅटिन घेतच होते! आणि नव्या औषधाने जीवघेणे संसर्ग वाढले ते वेगळंच. अलार्म बंद करणारं औषध गोळीच्या जोडीला तपासलं होतं, गोळीच्या जागी नाही.

हे फॉरवर्ड करणाऱ्या काकांना अटॅक येणार नाही कदाचित. पण ज्याला येईल त्याच्या घरी ते जाणार आहेत का? स्टॅटिनचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस बदलतो, औषध बदलतं. ग्रुपला विचारून बंद करू नका.

बाबा म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का?"

नाही. म्हणूनच सोमवारी हाफ डे टाकलाय. दोघं डॉक्टरांकडे जातोय.

असो.