विश्लेषण : कीटक घटल्याने फुलेही बदलू लागली आहेत?

फुलांचा रंग, गंध आणि आकार असतो तो परागकण वाहून नेणाऱ्या पाहुण्यांसाठी. पण हे पाहुणेच कमी झाले तर? फ्रान्समधील संशोधकांनी रानटी पान्सीवर केलेला अभ्यास डिसेंबर २०२३ मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकातून जाहीर झाला. त्याचे निष्कर्ष शेतीसाठीही महत्त्वाचे आहेत.

फूल आणि परागवाहक यांचे नाते काय?

मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही. निळा, पिवळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील मात्र दिसतो. त्यामुळे मधमाश्यांवर विसंबणारी अनेक फुले निळी, जांभळी किंवा पिवळी असतात. पक्ष्यांना लाल रंग चटकन दिसतो, मात्र फूल शोधताना ते वासावर फारसे अवलंबून नसतात. म्हणूनच पांगारा, पळस यांची फुले भडक, भरपूर मकरंदाची, पण जवळपास गंधहीन. रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी फिकट आणि सुवासिक फुले, तर वटवाघळांसाठी गोरखचिंचेसारखी रात्री उमलणारी मोठी, पांढरी फुले. अर्थात, हा काटेकोर नियम नव्हे. बहुतेक फुलांवर अनेक प्रकारचे पाहुणे येतात.

फ्रान्समध्ये काय आढळले?

पॅरिस परिसरातील चार ठिकाणी १९९० आणि २००० च्या दशकांत गोळा केलेले पान्सीचे बी जपून ठेवले होते. संशोधकांनी ते रुजवले आणि त्याच ठिकाणच्या २०२१ मधील बियांची रोपेही सोबत वाढवली. नव्या रोपांची फुले सुमारे १० टक्क्यांनी लहान निघाली, मकरंद सुमारे २० टक्क्यांनी कमी भरला. भुंग्यांनीही जुन्या वाणाच्या फुलांनाच पसंती दिली. नव्या पिढीत स्वपरागण, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी बी धरणे, वाढलेले दिसले.

असे का घडले असावे?

पाहुणा येणारच नसेल तर मोठ्या पाकळ्या आणि मकरंद यांवरचा खर्च वाया जातो. अशा वेळी स्वतःच बी धरणारी रोपे टिकतात. युरोपात कीटक घटल्याचे पुरावे आहेत. जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये समोर आले होते.

धोका कोणता?

मकरंद आटला की उरलेल्या कीटकांचीही उपासमार होते. ते घटले की फुले आणखी आखडतात. स्वपरागणाने झाडाचे तात्पुरते निभावते, पण आनुवंशिक विविधता कमी होत जाते. मग बदलत्या हवामानाशी किंवा नव्या रोगाशी जुळवून घेणे कठीण होते. हा अभ्यास एकाच वनस्पतीचा असल्याने तो सर्व फुलांना सरसकट लागू करता येत नाही.

आपल्या शेतीशी संबंध काय?

पान्सीने काढलेली पळवाट प्रत्येक पिकाला उपलब्ध नाही. भोपळा, काकडी, कलिंगड यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. कीटक आलाच नाही तर फळ धरत नाही. कांद्याच्या बीजोत्पादनातही मधमाश्या लागतात. म्हणून फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी टाळणे, ती करावीच लागली तर मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी करणे आणि बांधावरची रानफुले राखणे, हे उपाय थेट उत्पन्नाशी जोडलेले आहेत.