उदाहरण असावें, पण कोठें?

न्यायशास्त्रांत अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत; त्यांत उदाहरण हा तिसरा. प्रतिज्ञा आणि हेतु कितीही शुद्ध असले, तरी ‘जसें स्वयंपाकघर’ असें म्हटल्यावांचून धूर आणि अग्नि यांचा संबंध शिकणाऱ्याच्या मनांत ठसत नाहीं. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींसही हें पटलेलें आहे. म्हणूनच मूळ प्रणालीबरोबर ते नमुन्यादाखल लहान लहान स्क्रिप्ट, म्हणजे संगणकास क्रमवार आज्ञा देणारे लेख, जोडून देतात. प्रणाली बसवितांना हे नमुनेही बसवावे कीं वगळावे, हा प्रश्न आतां आपल्या घरांतील मुलामुलींपुढेंही येतो. सबब त्याचा थोडा विचार करूं.

नमुन्यांचा उपयोग उघड आहे. दहा पानांच्या माहितीपत्रकानें जें उलगडत नाहीं, तें वीस ओळींच्या चालत्या नमुन्यानें उलगडतें. मुक्तस्रोताचें मर्मच असें कीं, लेख उघडून वाचावा, त्यांत फेरफार करावा आणि परिणाम पाहावा. ही सोय नाकारणें म्हणजे सोडविलेलीं उदाहरणें फाडून गणिताचें पुस्तक मुलाच्या हातीं देणें होय.

परंतु जो संगणक इंटरनेटवर सर्व जगास उत्तरें देण्यासाठीं अहोरात्र उघडा असतो, त्याची गोष्ट निराळी. एन. सी. एस. ए. आणि अपाची या वेब-सर्व्हरांबरोबर पूर्वीं ‘पी-एच-एफ’ नांवाची नमुन्याची स्क्रिप्ट येत असे. नांवपत्त्यांच्या यादींत शोध घेणें, एवढेंच तिचें काम. बाहेरून आलेल्या मजकुरांतील घातक चिन्हें निष्प्रभ करणाऱ्या भागांत नव्या ओळीचें चिन्ह मात्र राहून गेलें होतें. तेवढ्या फटींतून परक्या मनुष्यास त्या संगणकावर स्वतःच्या आज्ञा चालवितां येत व तेथील फाइली वाचतां येत. १९९६ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील ‘सर्ट’ या संस्थेनें त्याविषयीं जाहीर इशारा दिला. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, दार उघडें राहिलें तें कोणाच्या नित्याच्या गरजेपायीं नव्हे, तर एका नमुन्यापायीं!

याचें कारणही शोधण्यासारखें आहे. नमुना समजावून सांगण्यासाठीं लिहितात, पहारा करण्यासाठीं नव्हे. तो सुबोध व्हावा म्हणून त्यांतून पुष्कळदां सावधगिरीच्या ओळी गाळलेल्या असतात. शिवाय जें आपण वापरीत नाहीं, त्याच्या डागडुजीची आठवणही आपणांस राहत नाहीं.

यावर जाणत्यांनीं काढलेली तोड आम्हांस ग्राह्य वाटते. डेबियन प्रणालीच्या नियमांत नमुन्यांची जागा माहितीपत्रकांच्या कप्प्यांत ठरविलेली असून, कोणत्याही कार्यक्रमानें त्यांवर अवलंबून राहूं नये असा दंडक आहे. अपाची टॉमकॅटचे कर्ते तर आपलाच नमुनासंच सुरक्षिततेची चाड असलेल्या सर्व्हरावरून काढून टाकावा, असें स्पष्ट सांगतात.

तेव्हां चिरंजीवांस आमचें सांगणें इतकेंच. शिकण्याच्या संगणकावर नमुने अवश्य बसवा, चालवा, मोडूनही पाहा. परंतु ज्या यंत्रांत घरचे दस्तऐवज, वडिलांचीं छायाचित्रें किंवा बँकेचे हिशेब ठेवावयाचे आणि ज्याचें दार बाहेर उघडतें, तेथें आधीं विचारा : ‘हें आज कोणास लागतें?’ उत्तर ‘कोणासही नाहीं’ असें आल्यास तें बसवूं नये. आपोआप बसलें असल्यास काढावें. स्वयंपाकघर हें अग्नीचें उत्तम उदाहरण खरें. म्हणून कोणी माजघरांत चूल पेटवीत नाहीं.