चुंबकाचा जयघोष, तांब्याचा विसर

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनने डिस्प्रोशियम, टर्बियम आदी धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. त्यामुळे हा निर्णय योग्यच. परंतु ‘चुंबक आले की मोटार स्वदेशी झाली’ हा जो सूर बातम्यांतून उमटतो, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

विद्यार्थी मित्रहो, चार ध्रुवांची मोटार मिनिटाला ३०,००० फेरे घेते, तेव्हा तिच्या वाइंडिंगमधील प्रवाहाची वारंवारता १,००० हर्ट्झ असते. घरातील विजेच्या वीसपट. भोवतालच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तांब्याच्या प्रत्येक तारेत भोवरा प्रवाह उद्भवतात. बारीक तारेत, क्षेत्र तेवढेच राहिल्यास, त्यांचा ऊर्जाव्यय वारंवारतेच्या वर्गाने वाढतो. वीसपट वारंवारता, चारशेपट व्यय!

ही उष्णता चुंबकालाही तापवते. चुंबकातही भोवरा प्रवाह निर्माण होतात, हे खरे. पण त्यात तांब्याच्या उष्णतेची भर कशासाठी? तापलेल्या निओडिमियम चुंबकाचे चुंबकत्व सहज ढळते. ते टिकावे म्हणूनच त्यात डिस्प्रोशियम मिसळतात. म्हणजे वाइंडिंगमधील हलगर्जीपणाची किंमत आपण आयात केलेल्या धातूने चुकवतो.

एका जाड तारेऐवजी निम्म्या व्यासाच्या चार तारा घेतल्या, तर हा व्यय चौथाईवर येतो. मात्र त्या तारांनी खाचेतील जागा आपसांत आलटूनपालटून घेतली नाही, तर त्यांच्यातच प्रवाह घोळू लागतात. शिवाय तारा वाढल्या की इन्शुलेशन जागा खाते, तांबे घटते आणि उष्णता बाहेर पडणेही कठीण होते. हा तोल घोषणेने साधत नाही. तो गणिताने आणि मोजमापाने साधावा लागतो.

मी भिलाईत राहतो. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज आपोआप रेल्वेचे रूळ झाले नाही. मधे भट्टी होती, रोलिंग मिल होती, पिढ्यांनी कमावलेले कौशल्य होते. चुंबक आणि मोटार यांच्यातही तेवढेच अंतर आहे. आणि भौतिकशास्त्राचे आपले विद्यार्थी मोटारीला एकोणिसाव्या शतकाचा संपलेला विषय समजून तिच्याकडे पाठ फिरवतात, याचा दोष आम्हा शिकवणाऱ्यांकडेही जातो.

म्हणून यापुढे ‘स्वदेशी मोटार’ अशी बातमी वाचाल, तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: पूर्ण वेगाने फिरताना तिच्या तांब्यात किती वॅट वाया जातात?